पॉलिसी आहे, दवाखाना कुठंय?

परवा रात्री साडेअकराला एक रील समोर आली. पाठीमागं निळा लाईट, हातात माईक, आणि एक मुलगा कॅमेऱ्यात बोट रोखून सांगतोय: पंचविशी ओलांडली आणि अजून स्वतःची हेल्थ पॉलिसी नाही? म्हणजे तू आईबाबांच्या एफडीवर जगतोयस. लिंक बायोमध्ये. ही रील मला एकाच आठवड्यात चार मैत्रिणींनी पाठवली. चौघींनाही माहीत आहे की मी कुठं नोकरी करायचे, म्हणून सोबत प्रश्न: कुठली घेऊ गं?

मुलगा खोटं बोलत नाहीये. आजच्या पुण्यामुंबईत आयसीयूतले आठ दिवस म्हणजे कुठल्याही मध्यमवर्गीय घराची पाच वर्षांची बचत, आणि पॉलिसी नसेल तर दागिने मोडावे लागतात हे खरं आहे. माझीही पॉलिसी आहे आणि मी ती दरवर्षी भरते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून ‘मग तू स्वतः का घेतलीस’ असं विचारायला नको. माझं भांडण पॉलिसी घेण्याशी नाही. पॉलिसी घेतली की आजारपणाचा प्रश्न मिटला, आणि सरकारी दवाखान्याचं काय व्हायचं ते होवो, आपण काय तिथं जाणार आहोत का, हे जे आपण मनातल्या मनात ठरवून टाकलंय त्याच्याशी आहे.

मी बीएचएमएस आहे. पास झाल्यावर क्लिनिक टाकायला पैसे नव्हते, म्हणून पुण्यात एका टीपीएमध्ये लागले. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारी मधली संस्था. एका मजल्यावर होमिओपॅथी, आयुर्वेद, डेंटल असं काहीबाही शिकलेली आमच्यासारखी मुलंमुली हेडफोन लावून बसलेली असायची. दवाखान्यातून फाईल यायची, आम्ही वाचायचो, आणि तीनपैकी एक काहीतरी करायचो: मंजूर, नामंजूर किंवा क्वेरी.

तुम्ही कधी कॅशलेससाठी काउंटरसमोर ताटकळला असाल तर ‘क्वेरी आलीय’ हे शब्द तुम्हाला ठाऊक असतील. ती क्वेरी मी टाकायचे. आजार कधीपासून आहे याचं डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं पत्र पाठवा. पहिल्या तपासणीचे कागद पाठवा. मागच्या वेळी ॲडमिट होता तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड पाठवा. यातल्या काही क्वेरी खरंच गरजेच्या असतात, खोटी बिलं लावणारे दवाखाने मी स्वतः पकडलेत. पण काही निव्वळ दिवस ढकलण्यासाठी असतात. २०२४ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, नियम केला की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा. चांगला नियम आहे. तोवर मी नोकरी सोडली होती. अजून तिथं असलेली मैत्रीण म्हणते, क्वेरी टाकली की घड्याळ थांबतं.

एक फाईल सांगते. पन्नाशीचा माणूस, हार्ट अटॅक, रात्री दोनला ॲडमिट. पॉलिसीचं तिसरं वर्ष. केसपेपरवर ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं लिहिलं होतं: पाच वर्षांपासून बीपी. फॉर्म भरताना त्या माणसानं बीपी लिहिलं नव्हतं. म्हणजे आजार लपवला. नामंजूर.

ही पाच वर्षं आली कुठून, ते मला नंतर कळलं. मुलानं पाठवलेल्या अर्जात होतं. त्या रात्री नवरा आत स्ट्रेचरवर, बायको बाहेर उभी. डॉक्टरनं विचारलं बीपी कधीपासून, ती म्हणाली, झाली असतील चार-पाच वर्षं. त्यानं पाच लिहिलं. मुलानं फॅमिली डॉक्टरचं पत्र जोडलं होतं की बीपी पहिल्यांदा सापडलं त्याला दीडच वर्ष झालंय, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर. आमच्याकडं यावर ठरलेलं वाक्य होतं, ‘सदर कागदपत्र पश्चात तयार केलेले दिसते.’ ते मी टाईप केलं. माझ्या टीम लीडरनं ओके केलं. मी जेवायला गेले.

कॉलेजात आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं असतं, हिस्ट्री घ्या. तपासण्या नंतर. पेशंटला बोलू द्या, कधीपासून, कसं, आधी काय झालं होतं, घरात कोणाला होतं. अर्धं निदान तिथंच होतं. आणि इथं तीच हिस्ट्री पेशंटच्या विरोधातला पुरावा म्हणून मी वाचत होते. लोक काही मूर्ख नसतात. आता ॲडमिट व्हायच्या आधी सोसायटीतला कोणीतरी काका हळूच सांगतो, शुगरचं बोलू नका हं, क्लेम अडकेल. गेल्या वर्षी माझ्या मावसभावानं हाच सल्ला ऐकला आणि त्याच्या सासऱ्यांची शुगर भूलतज्ज्ञाला ऑपरेशनच्या सकाळी रिपोर्टमधून कळली. पैशाची व्यवस्था अशी रचायची की पेशंटनं डॉक्टरशी खोटं बोलणं फायद्याचं ठरावं, याला उपचारांची सोय म्हणायला माझी जीभ वळत नाही. सरकारी ओपीडीत खेड्यातली म्हातारी तीन पिढ्यांची दुखणी डॉक्टरला ऐकवते. तो वैतागतो, पण सगळं ऐकायला तरी मिळतं. तिला लपवून काही वाचवायचं नसतं.

आता थोडं गणित, कारण रीलवाला हे सांगत नाही. समजा तुमची पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. (नव्या बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा नसते. जुन्या आणि ऑफिसच्या ग्रुप पॉलिसींत अजून सर्रास असते. आत्ता ईमेल उघडून बघा.) दवाखान्यात त्या रात्री शिल्लक असते ८,००० ची खोली. तुम्हाला वाटतं, रोजचे तीन हजार जास्त, भरू. पण कापलं जातं ते प्रमाणात. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट, नर्सिंग, या सगळ्याचे आठातले पाचच हिस्से मिळतात. हे खर्च १,६०,००० झाले असतील तर हातात १,००,०००. वरचे ६०,००० तुमचे, शिवाय चार दिवसांचे खोलीचे १२,०००. डिस्चार्जच्या संध्याकाळी हा आकडा पहिल्यांदा ऐकलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही, मी मजल्यावर बसलेले असायचे. आवाज मात्र पुष्कळ ऐकलेत.

आणि हप्ता जातो कुठं? इर्डानं कंपन्यांच्या व्यवस्थापन खर्चाला वरची मर्यादा घातली आहे: फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांसाठी ती एकूण हप्त्याच्या ३५ टक्के आहे. एजंटचं कमिशन, जाहिराती, ऑफिसं, माझ्यासारख्यांचे पगार, सगळं त्यात. म्हणजे शंभर रुपयांतले पस्तीसपर्यंत रुपये दवाखान्याचं तोंड न बघता खर्च झाले तरी ते नियमात बसतं. खासगी विम्याची पंढरी असलेल्या अमेरिकेतसुद्धा २०१० च्या ओबामांच्या कायद्यानं कंपन्यांना बंधन घातलं की हप्त्यातले किमान ८० टक्के, मोठ्या ग्रुप पॉलिसींत ८५ टक्के, उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावरच गेले पाहिजेत. नाही तर फरक ग्राहकाला परत करा.

हे सगळं मला माहीत होतं, तरीही माझं मत बदललं ते या आकड्यांनी नाही. ते बदललं काकांना साप चावला तेव्हा.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात. जुलैचा महिना, सोयाबीनची कोळपणी चाललेली. काकांच्या पायाला घोणस चावली. मी पुण्यात. फोन आला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? पॉलिसी. आदल्याच वर्षी मोठ्या तोऱ्यात मी आईअण्णांची आणि काकाकाकूंची पॉलिसी काढली होती. मी चुलतभावाला म्हणाले, कॅशलेसवाला दवाखाना बघ. तो म्हणाला, “ताई, इथून कॅशलेसवाला सत्तर किलोमीटर हाय. काका आत्ता ओकायलेत.”

त्यानं त्यांना मोटरसायलकवर मध्ये बसवून गावापासून सहा किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं डॉक्टरांच्या दोन जागा मंजूर आहेत, भरलेली एक. ती एक डॉक्टर नशिबानं हजर होती. तिनं काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. रक्त गोठलं नाही. घोणशीच्या विषाचं हेच लक्षण. सर्पदंशाच्या लशीच्या दहा बाटल्या चढवल्या, १०८ ला फोन केला आणि पुढं जिल्ह्याला पाठवलं. तिथं किडनीवर परिणाम दिसला, तीनदा डायलिसिस करावं लागलं. काका जगले. आज शेतात जातात, बूट मात्र अजून घालत नाहीत.

या सगळ्यात पॉलिसी नंबर कोणीही विचारला नाही. विचारला असता तरी काय उपयोग होता? ती लस त्या केंद्राच्या फ्रीजमध्ये असणं हा खरा विमा होता. तो माझ्या हप्त्यातून आला नव्हता, कोणा ना कोणाच्या करातून आला होता. घोणस चावल्यावर पाच लाखांचं कव्हर सत्तर किलोमीटरवर असून भागत नाही.

आता मी सरकारी दवाखान्याची आरती ओवाळतेय असं वाटत असेल तर पुढचंही ऐका. जिल्ह्याच्या त्या वॉर्डात संडासाला पाणी नव्हतं. एका कॉटवर दोन पेशंट मी डोळ्यांनी पाहिले. एक इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं, साडेअकराशेचं. डायलिसिसचा टेक्निशियन एकच, तो जेवायला गेला की मशीन बंद. काकू तीन रात्री कॉटखाली झोपली आणि चौथ्या दिवशी तिलाच ताप भरला. मी पोचले, पाणी नाही बघितलं, आणि पुण्याची सवय म्हणून सरळ वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी डॉक्टर आहे म्हणाले, फोन काढून व्हिडीओ घ्यायला लागले. दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, “मॅडम, तुम्ही अजून दोन दिस ऱ्हावा की.”

तिचं हे वाक्य मला अजून टोचतं. आठ दिवस त्या वॉर्डात पाणी नव्हतं आणि चाळीस पेशंटांत तक्रार करायची हिंमत, भाषा आणि वेळ असलेलं कोणी नव्हतं. कारण ती असलेले आम्ही सगळे पॉलिसी काढून निघून गेलोय. तलाठी, शिक्षक, पत्रकार, नगरसेवक, वकील, स्वतः तिथले डॉक्टरसुद्धा, आजारी पडले की खासगीत जातात. ज्यांच्या रागाला वजन आहे ते दवाखान्यातून गेले की दवाखान्याचं काय होतं हे बघायला अर्थशास्त्र लागत नाही, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांकडं बघितलं तरी पुरे.

मग लोक नांदेड काढतात. काढायलाच हवं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात बाळं. “अशा ठिकाणी मरायला जायचं का?” हा प्रश्न मला तेव्हा पन्नास जणांनी विचारला. माझा उलटा प्रश्न असा आहे की ती बाळं तिथं होती का? आसपासच्या जिल्ह्यांतून, अगदी तेलंगणाच्या सीमेवरूनही, शेवटच्या टप्प्यावरचे पेशंट तिथं येतात, आणि पैसे संपले की खासगीतूनही तिथंच पाठवले जातात. सरकारी दवाखान्याला ‘परवडत नाही’ म्हणून पेशंट नाकारता येत नाही. सगळ्यात गंभीर पेशंट घ्यायचे, माणसं कमी, औषधखरेदी रखडलेली, आणि वर मृत्यूंचा आकडाही त्यांच्याच नावावर. पुढं काय झालं आठवतंय? एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. व्हिडीओ व्हायरल झाला. रिक्त जागांचा व्हिडीओ निघत नाही.

पैसा नाही म्हणून नाही, ठरवलं नाही म्हणून नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडनं सगळ्यांचे डोळे उघडल्यानंतर, तो होता १.८४ टक्के. आणि त्याहून जुनी गोष्ट, भोर समितीचा १९४६ चा अहवाल. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दोन वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये, युद्धात कंगाल झालेल्या ब्रिटननं करातून चालणारी एनएचएस उभी केली. आज तिथंही रांगा लांबल्यात, लोक वैतागलेत, पण हार्ट अटॅकनंतर घर विकल्याची गोष्ट तिथं ऐकू येत नाही. आपण अहवाल कपाटात ठेवला.

याला सरकारचं उत्तर तयार आहे: कार्ड. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आली, पुढं तिचं नाव महात्मा फुले जनआरोग्य झालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि २०२३ मध्ये राज्यानं ठरवलं की शिधापत्रिकेचा रंग न बघता सगळ्यांना पाच लाखांचं कव्हर. या योजनांनी लोक वाचलेत. आमच्याच गावातल्या दोन बायपास त्यातून झाल्यात. पण नीट बघा, सरकारही आता रीलवाल्यासारखंच बोलायला लागलंय. दवाखाना बांधू, डॉक्टर भरू, याऐवजी कार्ड घ्या आणि जिथं दवाखाना असेल तिथं जा. तो असतो शहरात. कार्ड चालतं ते मुख्यतः ॲडमिट झाल्यावर, ठरलेल्या पॅकेजवर. अण्णांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात नाहीत, माझ्या पॉलिसीतही नाहीत. महिन्याला दोन हजार खिशातून. त्या परवडेनात म्हणून बंद केल्या आणि मेंदूत रक्तस्राव झाला, की मग कार्ड चालतं.

पैसा ऑपरेशनमागं मिळतो तिथं ऑपरेशनं वाढतात, हेही आपण बघून झालंय. २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये गरिबांच्या स्मार्टकार्डावर खासगी नर्सिंग होमनी बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीस आली. कार्ड होतं म्हणून त्या वाचल्या नाहीत, कार्ड होतं म्हणून सापडल्या.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याच कोकणातली. १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावसकर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं तिथं पोरं मरायची. ॲडमिट झालेल्यांत शंभरातली चाळीसेक. बावसकर पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक स्वस्त गोळी वापरून बघितली. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, जगभर वापरलं गेलं. विंचू चावणारे लोक प्रीमियम भरणारे नव्हते. कुठलीही कंपनी, कुठलंही पॅकेज त्यांच्यासाठी हे शोधायला बसलं नसतं. तिथं पगारी डॉक्टर होता, त्याला प्रत्येक पेशंटमागं काही मिळत नव्हतं, आणि पेशंट येत राहायचे.

एक आकडा मात्र विरोधकांच्या बाजूचा म्हणून नेहमी दाखवला जातो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९ च्या जवळ आला. बघा, विमा वाढला आणि ओझं कमी झालं! पण त्याच तक्त्यात सरकारी खर्चाचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेलेला दिसतो. ओझं उचललं ते मुख्यतः त्यानं.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. रीलवाल्यानं त्यावरही रील केली, मीही खुश झाले, माझे चार हजार वाचले. माझ्या पॉलिसीसाठी सरकारनं महसूल सोडला. काकांच्या आरोग्य केंद्रातली डॉक्टरची दुसरी जागा भरायला मात्र पैसे आणि माणूस मिळत नाही. हे दोन्ही निर्णय एकाच देशात, एकाच करातून होतात, आणि पहिल्याच्या बाजूनं बोलणारे आपण लाखो आहोत.

म्हणून चौघी मैत्रिणींना मी उत्तर पाठवलं: घ्या, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्या, फॉर्मवर सगळे आजार खरे लिहा. आणि त्याच दिवशी आपापल्या गावाच्या आरोग्य केंद्रात किती जागा मंजूर आहेत आणि किती भरल्यात ते विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तिथं एकदा साध्या तापासाठी का होईना, स्वतः रांगेत उभ्या राहा. तिघींनी थम्ब्स अप पाठवला. एक म्हणाली, तू फार सिरियस झालीयेस.

मी माझ्यापुरतं एक केलं. आमच्या केंद्रातली ती दुसरी जागा कधीपासून रिक्त आहे आणि ती भरण्यासाठी काय केलं, असे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात टाकले. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक पान. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, शिक्क्यासकट. ‘सदर पद रिक्त आहे.’ एवढंच. पहिलं अपील सोमवारी पोस्टात टाकलंय.